खळग्यातलं गवत

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं असं नाही. त्याने ते दिलंच नव्हतं.

पत्र आलं गेल्या उन्हाळ्यात. मेंढरं राखणाऱ्याला कोण पत्र लिहिणार? पोस्टमनलाही नवल वाटलं असावं. ते घरापर्यंत नेण्याची तसदी न घेता त्याने दुकानापुढच्या बाकड्याजवळ, चारचौघांत, त्याच्या हातात ठेवलं आणि आता पुढे काय होतं ते बघायला सायकल धरून उभा राहिला. गाव या मेंढपाळाला घुम्या म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मेंढरांशी दिवसभर बोलणारा हा माणूस माणसांपुढे आला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. अक्षर लावून वाचता यायचं, थोडंफार लिहिताही यायचं. पण इतक्या डोळ्यांसमोर ओठ हलवत वाचायला बसायचं त्याला अवघड झालं. तो पाकीट उलटसुलट करत राहिला.

“आण इकडे,” बाकड्यावरून पुढारी म्हणाला.

पुढारी म्हणजे गावाचा कारभार बघणारा माणूस. रस्ता असो, पाणी असो, कुणाच्या घरचं भांडण असो, तो मध्ये असायचाच. त्याने पाकीट फोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागला. पत्र जनावरांच्या रोगांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतून आलं होतं, तिथल्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. तुमच्या मेलेल्या मेंढीच्या कानाचा तुकडा गुरांच्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवला होता. त्यात काळपुळीचे जंतू निघाले. अशी अचानक मेलेली मेंढी फाडू नका, तिचं कातडं काढू नका. मेंढ्या कुठे चरल्या, कुठे पुरल्या ते लिहून कळवा. ज्याची जनावरं त्याने लेखी कळवल्याशिवाय आम्हाला येता येत नाही. तुमचं उत्तर आलं की लस घेऊन येऊ आणि गावातली सगळी जनावरं टोचू. तोवर काही दिवस तुमच्या गावाच्या जनावरांना बाजार बंद ठेवावा लागेल, त्याला इलाज नाही.

बाजार या शब्दाशी पुढारी थांबला. पुढचं त्याने मनात वाचलं. मग कागदाची घडी घातली, उठला, आणि ती घुम्याच्या सदऱ्याच्या खिशात सारून वरून दोनदा थोपटलं. बैल जुंपून झाला की त्याच्या मानेवर थोपटतात, तसं.

“तुझ्या मेंढ्यांना गवत बाधलं,” तो म्हणाला. “काय?”

घुम्याने मान हलवली. बाकड्यावरची माणसं हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यांना फक्त हायसं वाटलं होतं. सगळ्यांच्याच दावणीला काही ना काही होतं आणि सगळ्यांनाच ते विकायचं होतं.

पत्र त्याने लोकर कातरायच्या मोठ्या कातरीच्या म्यानात खोचून ठेवलं. वर्षभरात ते तेलाने चोपडं झालं. कातर बाहेर काढताना दर वेळी ते बोटांना लागायचं आणि दर वेळी त्याला छातीवर ती थोपट जाणवायची.

यंदा उन्हाळा लांबला. गायरानात काड्या उरल्या. मेंढरं जमीन हुंगत फिरायची आणि सापडलं नाही की एकमेकींच्या पाठीवरची लोकर चघळायची. हिरवं म्हणून गावात एकच जागा होती, तळ्याच्या वरच्या अंगाचा खळगा. तिथे ओल टिकायची आणि गवत दाट, काळपट हिरवं उगवायचं. ते तसं का उगवतं हे घुम्याच्या घराला ठाऊक होतं. मेलेलं मेंढरू तिथेच पुरायची रीत होती. बाकी सगळीकडे मुरूम, कुदळ मारली की हात झिणझिणायचा. खळग्यात मात्र माती मऊ, खड्डा झटकन व्हायचा. त्याच्या बापाने तिथेच पुरलं, बापाच्या बापाने तिथेच पुरलं. हात वाचायचे म्हणून निवडलेली जागा, त्यापलीकडे कुणी विचार केला नव्हता.

दर साली या दिवसांत तो कातरणीला बाहेर जायचा. आसपासच्या वस्त्यांवर फिरून दुसऱ्यांच्या मेंढ्या कातरायच्या, मिळेल तिथे अंग टाकायचं. यंदाही गेला. घरी त्याची म्हातारी बायको होती आणि सून होती. मुलगा दिवसभर तळ्यावर असायचा. पुढाऱ्याने तळ्यातला गाळ उपसून शेतांत टाकायचं काम काढलं होतं आणि पोकलेन चालवायला मुलाला ठेवलं होतं. घरातलं कुणी पहिल्यांदाच बसून करायच्या कामावर लागलं, म्हणून म्हातारीने त्या पिवळ्या यंत्रावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली होती.

कळपातली एक गाभण मेंढी अशक्त होती. सून तिच्यासाठी खळग्यातून गवत आणायची. गवत विळ्याला लागेल एवढं वाढलेलं नव्हतं, म्हणून मुळासकट उपटून, मातीसकट. मेंढी ते अधाशासारखी खायची. एका दुपारी ती मेंढरं कोंडायच्या वाडग्यात उभी होती ती थरथरली, पुढच्या पायांवर बसली आणि संपली. नाकातून काळं रक्त आलं. म्हातारी आधी रडली, मग तिने सुरी शोधली. लोकर चांगली होती, कातडं चांगलं होतं, वाया कशाला घालवायचं? दोघींनी मिळून ते सोललं. सुनेच्या हाताला बाभळीचा ओरखडा होता, त्याकडे दोघींचं लक्षही नव्हतं.

घुम्या परत आला तेव्हा कातडं मीठ लावून भिंतीला टांगलेलं होतं. सून त्याच्या हातावर पाणी घालायला आली. तिची बाही वर सरकली आणि त्याने पाण्याखालचे हात तसेच धरून ठेवले. मनगटाच्या वर पुळी होती. मधोमध काळी, कोळशाचा खडा रुतवावा तशी. भोवती पाण्याच्या फोडांचं कडं, आणि हात कोपरापर्यंत सुजलेला.

“दुखतं का?”

“तेच तर,” ती म्हणाली. “दुखत नाही. आधी नुसतं खाजत होतं. डास चावला असेल.”

तो भिंतीवरच्या कातड्याकडे बघत राहिला. मग मेंढी मेल्यावर ताठली होती का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही, सोलून होईपर्यंत मऊच होती. आणि रक्त गोठेचना, पातळ डांबरासारखं वाहत राहिलं.

त्याने कातर काढली, म्यानातून पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. ती त्याच्यापेक्षा जास्त शिकलेली होती. उभ्या उभ्या तिने ते वाचलं. एका ओळीपाशी परत गेली.

“कातडं काढू नका असं लिहिलंय यात.”

“हो.”

“मग बोलायचं ना, मामंजी.”

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

म्हातारीने तोवर विळ्याचं टोक चुलीत खुपसलं होतं. तिच्या माहेरी अशा पुळीला डाग देत. सून म्हणाली, “आत्याबाई, तो विळा काढा बाहेर. गवत कापायला लागेल. मी दवाखान्यात निघाले.” आणि निघालीच. चप्पल पायात अडकवत घुम्या तिच्यामागून गेला. टेंपोत जागा नव्हती, तो मागच्या फळीला लोंबकळला.

आरोग्य केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. डॉक्टरीण वयाने सुनेपेक्षा फार मोठी नसेल. तिने हात पाहिला आणि पुळीला बोट न लावताच विचारलं, “घरात जनावर मेलं का?” सून हो म्हणाली. सोललं का? हो. कुणी? मीच. आत्याबाई पण होत्या, त्यांनाही दाखवायला आणते हवं तर. डॉक्टरीण सरळ विचारत होती आणि सून सरळ सांगत होती. दाराशी उभ्या घुम्याला वाटत होतं, हे इतकं सोपं असतं?

फोडातलं पाणी काचेच्या पट्टीवर घेऊन तपासणीच्या माणसाने त्यावर निळा रंग ओतला, धुतला, वाळवला. सुनेला पहिलं इंजेक्शन टोचून होईपर्यंत पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. डॉक्टरणीने बघितलं आणि मग त्यालाच बोलावलं. “या आजोबा. तुमच्या मेंढीला कुणी मारलं ते बघा.”

तो वाकला. आधी त्याला मोठ्या काळ्या काट्या दिसल्या आणि तो दचकला. तपासणीचा माणूस म्हणाला, आजोबा, त्या तुमच्या पापण्या आहेत, डोळा जरा लांब धरा. मग उजेड गोल झाला आणि त्यात निळ्या कांड्या आल्या. एकीला एक लागून, बांबूची पेरं असावीत तशा. हलत नव्हत्या. त्याला वाटलं होतं काहीतरी दातांचं, पायांचं दिसेल.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच,” डॉक्टरीण म्हणाली.

तिने पुढे जे सांगितलं ते त्याने घरी जाईपर्यंत मनात घोळवलं. मेंढीच्या अंगात, कातडीच्या आत असतात तोवर हे जंतू नाजूक असतात. मेंढी फाडली नाही तर तिच्याबरोबर सडून मरतात. पण फाडली, रक्त हवेला लागलं, की प्रत्येक कांडी स्वतःभोवती कवच करते. मग ऊन नाही, पाऊस नाही, काही लागत नाही तिला. मातीत बियासारखी पडून राहते. माणसाचं आयुष्य सरतं, तिचं सरत नाही. मुळाबरोबर वर येते, धुळीबरोबर उडते, मेंढीच्या पोटात गेली की पुन्हा उगवते.

म्हणजे कुणी पेरली, हे त्याने विचारलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कातडं काढून मग पुरायचं, हीच तर घरची रीत.

सूनबाई बरी होईल, डॉक्टरीण म्हणाली, वेळेवर आली. इंजेक्शनं चुकवायची नाहीत, काळी खपली आपोआप पडेल, कुणी कापायची नाही. माणसाचं मी वर कळवते. जनावरांचं तुम्ही कळवा, लेखी. “प्रयोगशाळेतल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत,” तिने जाता जाता सांगितलं. “त्यांनी पत्र लिहिलं होतं म्हणे कुणालातरी. उत्तर आलं नाही.”

घुम्या खिशावर हात ठेवून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला.

कातडं जाळलं त्या दिवशी म्हातारी वाडग्याच्या दगडावर पाठ फिरवून बसली. धूर जड होता, जमिनीलगत सरपटायचा. त्याच मेंढीची लोकर पोत्यातल्या लोकरीत मिसळलेली होती. कुठली तिची आणि कुठली बाकीच्यांची हे आता कोण सांगणार? त्याने ते पोतंच्या पोतं आगीत लोटलं. म्हातारी म्हणाली, “अहो, ते सबंध?” तो म्हणाला, सबंध. अख्ख्या हंगामाची लोकर होती.

गावात बातमी धुराच्या आधी पोचली होती. नळावर सुनेने घागर रांगेत ठेवली तशा पुढच्या-मागच्या घागरी सरकल्या. नुसता घागरी घासल्याचा आवाज आला. सून जरा थांबली. मग तिने लुगड्याचा पदर खोचला, बाही कोपराच्या वर दुमडली, आणि काळी खपली सगळ्यांना दिसेल असा हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

“बघून घ्या नीट,” ती म्हणाली. “एकीचा दुसरीला लागत नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मेंढीचा लागतो. तुमच्या घरात कुणाच्या हातावर असं उठलं तर ओळखता आलं पाहिजे.”

तिच्यासाठी जागा झाली होतीच. तिने घागर सरळ नळाखाली लावली. हे म्हातारीने घरी येऊन घुम्याला सांगितलं तेव्हा ती रागावलेली होती की कौतुक करत होती हे तिलाही कळत नसावं. “बाई आहे का कोण,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

संध्याकाळी पुढारी आला. खाटेवर बसला, पाणी मागितलं, हात कसा आहे म्हणून चौकशी केली. मुलगा नुकताच कामावरून आला होता, अंगभर गाळाची धूळ घेऊन तो दाराला टेकून उभा होता. पुढाऱ्याने आवाज खाली आणला. विळा लागला आणि जखम चिघळली, असं सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार? पाऊस लागायच्या आधीचा मोठा बाजार तोंडावर आलाय. बाकड्यावरच्या एकेकाकडे बघ, कुणाचं लग्न, कुणाचं दवापाणी, सगळं त्या बाजारावर. तुझ्या एका कागदाने गावाच्या तोंडचा घास जाईल.

घुम्याला ते खोटं वाटलं नाही. तेच तर अवघड होतं. बाकड्यावरची माणसं काही वाईट नव्हती. कुणी त्याची मेंढी शोधून आणून दिली होती, कुणी त्याच्या बापाला खांदा दिला होता.

“खळगा तेवढा सोडा,” तो कसाबसा म्हणाला. “तळं खणा. खळगा नको.”

“खरा कस तर खळग्यातच आहे. उद्या तोच घ्यायचाय.”

“तो गाळ कुणाच्या शेतात पडणार?” आतून सुनेचा आवाज आला.

“सगळ्यांच्या,” पुढारी म्हणाला. “पहिली खेप माझ्या.”

“मग तुमच्या सुनेलाही सांगून ठेवा. नळावर हात उघडा ठेवायला लाज वाटते सुरुवातीला. मग सवय होते.”

मुलाने मान खाली घातली. पुढारी दाराकडे बघून हसला. “घुम्या, बोलायचं काम तू हिच्याकडे दिलंयस वाटतं घरात.” उठताना सवयीने त्याने हात पुढे केला, थोपटायला. घुम्या जरासा मागे सरकला. हात हवेतच राहिला.

पुढारी गेल्यावर मुलगा बोलला. आबा, मी नाही चालवलं तर दुसरा कुणी चालवेल. माझं काम जाईल, एवढाच फरक. घुम्याने त्याला अडवलं नाही, समजावलंही नाही. त्याने कोयता घेतला आणि धार लावायला बसला.

सकाळी ऊन चढायच्या आत तो खळग्याशी होता. बाभळीच्या फांद्या तोडायच्या, बुंध्याकडून धरून ओढत आणायच्या, एकात एक अडकवून कुंपण करायचं. मेंढरांच्या वाडग्यासाठी हे त्याने जन्मभर केलं होतं. आत काही येऊ नये म्हणून करायचा, आज आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून करत होता. सून एका हाताने फांद्या ओढत होती. म्हातारी, सगळ्या जगाला शिव्या घालत, चुन्याची बादली घेऊन कडेकडेने फक्की टाकत होती. वारा आला की डोळे मिटायची आणि तशीच पुढे चालायची.

कुंपण निम्मं झालं असेल, तेव्हा पोकलेनच्या पट्ट्यांची घरघर ऐकू आली. मागून ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत फावडी घेतलेली माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे मोटारसायकलवर पुढारी. पोकलेन कुंपणाच्या उघड्या बाजूला येऊन थांबलं. घुम्या तिथे जाऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर पोकलेनचं बकेट लोंबत होतं, बकेटच्या दातांमधली कालची माती सुटून त्याच्या खांद्यावर पडत होती.

“आबा, बाजूला व्हा,” वरून मुलगा म्हणाला.

घुम्याची जीभ टाळूला चिकटली. इतकी माणसं समोर होती. त्याने मेंढरांना बोलावताना घेतात तसा श्वास घेतला, आणि शब्द नेहमीच्या हाकेएवढे मोठे निघाले.

“इथे माझ्या बापाने पुरलेली मेंढरं आहेत. त्याच्या बापाने पुरलेली आहेत. अर्धा कळप एका साली आडवा झाला, तो इथे आहे. खड्डे मी खणलेत, कातडी मी काढलीत. कुठे काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते अजून मेलेलं नाही. इथली माती कुणाच्या शेतात जाणार नाही.”

 घुम्याला एवढा आवाज आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

“चालव रे,” पुढारी म्हणाला.

मुलाने बापाकडे बघितलं. मग कुंपणापाशी उभ्या बायकोकडे. तिने फांदी छातीशी धरली होती, बाही वर होती. तो रोज तिच्या शेजारी बसून जेवत होता, पण उजेडात तो हात त्याने बहुधा नीट बघितलाच नव्हता. त्याने यंत्र बंद केलं. खाली उतरला आणि किल्ली पुढाऱ्याच्या हातावर ठेवली.

“तुम्हाला येत असेल तर चालवा.”

ट्रॉलीत कुणीतरी फिसकन हसलं. पुढाऱ्याने किल्ली दुसऱ्याकडे धरली, मग तिसऱ्याकडे. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मला ट्रॅक्टर येतो फक्त. फावडीवाले आपापल्या फावड्यांकडे बघत होते. त्यांतल्या एकाने आपलं फावडं हळूच उचलून खांद्यावर घेतलं. तोच माणूस मग कुणाकडेच न बघता बोलला.

“माझा बैल गेला गेल्या पावसाळ्यात. नाकातून काळं रक्त. मी साप चावला म्हणून सांगितलं होतं.”

“अरे, तू गप बस,” पुढारी म्हणाला.

“बसलो होतो की वर्षभर,” तो म्हणाला.

पुढारी मोटारसायकलवर बसता बसता बरंच बोलला. गायरानात एक मेंढरू दिसता कामा नये. लोकरवाल्याला सांगून ठेवतो, या घराच्या दारात पाय टाकू नकोस म्हणून. मुलाने उद्यापासून तोंड दाखवू नये. घुम्या ऐकत राहिला. भीती वाटायला हवी होती, वाटतही होती. पण तिच्यासकट तो उभा होता आणि पाय हलत नव्हते. मोटारसायकल गेल्यावर त्याने खांद्यावरची माती झटकायला हात उचलला, तेवढ्यात सून ओरडली, “हाताने नको, मामंजी.” तिने त्याला सदरा तिथेच काढायला लावला. उघड्या अंगाने त्याने उरलेलं कुंपण पुरं केलं. बैलवाला आणि मुलगा फांद्या आणून देत होते.

दुपारी वाडग्याच्या सावलीत तो कागद घेऊन बसला. मी लिहिते, तुम्ही सांगा, असं सून म्हणाली. तो नको म्हणाला. पेन त्याच्या बोटांत कातरीसारखं धरलं जायचं आणि कागद फाटायचा. एक फाटला, दुसरा घेतला. अडलं की तो सुनेला विचारायचा, ‘जंतू’ कसं लिहायचं, आणि ती मातीवर काडीने लिहून दाखवायची. मागच्या बाजूला त्याने तळं काढलं, खळगा काढला, आणि कुठल्या कडेला किती जुनं आहे तेही लिहिलं. म्हातारी डोकावून म्हणाली, तळ्याचं भोपळ्यासारखं झालंय. तो म्हणाला, आहेच तसं.

धुतलेला सदरा अंगावर घालून तो दुकानाकडे निघाला तेव्हा बाकडं भरलेलं होतं. टपालपेटी दुकानाच्या खांबाला होती, बाकड्यासमोरून गेल्याशिवाय तिथे पोचताच यायचं नाही. पुढारी त्याच्या नेहमीच्या जागी होता.

“काय लिहिलंस?” त्याने हात पुढे केला. “आण इकडे.”

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. घुम्याने कागद बाहेर काढला, पण दिला नाही. तिथेच उभं राहून, ओठ हलवत, एकेका शब्दाला अडखळत, तो वाचायला लागला.

“बाईंना नमस्कार. तुमचं पत्र गेल्या उन्हाळ्यात मिळालं होतं. मेंढ्या काळपुळीनेच मेल्या. तळ्याच्या वरच्या अंगाला खळगा आहे, तिथे पुरल्या. नकाशा मागे आहे. आम्ही तिथलं गवत घातलं आणि मेलेल्या मेंढीचं कातडं काढलं. सुनेच्या हाताला जंतू लागले, ती आता बरी होत आहे. कातडं आणि लोकर जाळली. खळग्याला कुंपण केलं आहे. गावात आणखी जनावरं गेली आहेत, ती ज्याची त्याने सांगावीत. लस घेऊन लवकर या. माझा कळप मी धरतो, दुसऱ्यांचाही धरेन. बाजार बंद करावा लागला तर करा.”

खाली त्याने आपलं नाव लिहिलं होतं, बापाच्या नावासकट, पूर्ण. तेही वाचलं. बाकड्यावरच्या कितीतरी जणांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.

कुणी हसलं नाही. एकजण उठून उभा राहिला, पण कशासाठी उठलो हे त्याला कळेना, तो परत बसला. पुढाऱ्याचा हात अजून तसाच पुढे होता.

घुम्याने पाकिटाची कड जिभेने ओली केली, अंगठ्याने दाबून चिकटवली आणि खांबापाशी जाऊन पाकीट पेटीत टाकलं. पेटी रिकामी असावी. तळाला पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मग त्याने पेटीवर दोनदा थोपटलं आणि घराकडे वळला.